अण्णांच्या पानातलं मीठ

शकुंतलाकाकूंचं नाव आधी घेते. सातवीत शाळा सुटलेली मी किनवटहून कामाच्या शोधात पुण्याला आले, तेव्हा धायरीतल्या घरी त्यांनी मला स्वयंपाकाला ठेवून घेतलं, मागची खोली दिली. मला ताप आला तर उशाशी त्याच बसायच्या. त्यांचे यजमान अण्णा जाऊन आता दोन महिने होतील. मार्केट यार्डातल्या गाळ्यावरून फोन आला, तेव्हा मी त्यांच्याच भाकऱ्या थापत होते. कांद्याच्या भावावरून कुणावर तरी ओरडता ओरडता त्यांचं तोंड वाकडं झालं होतं...

अण्णा इथलेच, जुने शेतकरी. शेत होतं तोवर दिवसभर पाय चालायचे. मग शेतात इमारती आल्या आणि अण्णा कांद्याच्या गाळ्यात गादीवर बसले. चालणं संपलं, जेवण मात्र नांगरटीचंच राहिलं. वर तंबाखू, दुपारी फरसाण. वडील आणि थोरले भाऊ, दोघेही पन्नाशीत अचानक गेलेले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब तुमच्या घराण्यातच आहे, जपा. अण्णांनी ते घरी येऊन असं सांगितलं, जणू कुणी फेटा बांधलाय. "आमच्यातली माणसं उभ्याउभ्या जात्यात. कुणाकडं पाणी मागत न्हाईत."

काकूंनी मात्र धास्ती घेतली. भाजी-आमटीतलं मीठ निम्मं करायला लावलं. राहिलं पानातलं. पान वाढताना कोपऱ्यात आधी मीठ पडतं, तसं रोज पडायचं. एके दिवशी मी ते वाढलंच नाही. अण्णांनी पानाकडे पाहिलं.

"काय गं, आज माझं श्राद्ध हाय का?"

या घरात बिनमिठाचं पान फक्त पितरांना. "डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर जेवाय बसलाय का मी?"

शेवटी काकूच उठल्या आणि चिमूटभर मीठ वाढलं. आत येऊन मला म्हणाल्या, "जित्या माणसापुढं तसलं पान ठेवायला हात धजत नाही गं." त्या चिमटीचा पुढे चमचा झाला. रक्तदाबाच्या गोळ्या अण्णा डोकं दुखलं तरच घ्यायचे, आणि डोकं काही दुखायचं नाही.

उभ्याउभ्या नाही गेले अण्णा. तीन आठवडे पडून होते. पाणी मागायला जीभच वळत नव्हती. काकू चमच्याने पाजायच्या, ते उशीवर ओघळायचं... तेराव्याला पान मी वाढलं, बिनमिठाचं. भटजी म्हणाले, बरोबर वाढलंत.

आता गादीवर त्यांचा मुलगा बसतो, महेशदादा. काकूंनी हट्टाने तपासायला नेलं, तर त्यांचाही रक्तदाब वाढलेला. "बापाचंच रक्त," म्हणून हसले. त्या दिवशी काकूंनी मला जवळ बसवलं. "दादाचं पान इथून पुढं तू वाढ. मी आई आहे, माझा हात पुन्हा मिठाकडं जाईल."

काल वाढलं. अण्णांच्याच जागी, अण्णांच्याच ताटात. कोपरा मोकळा ठेवला. दादांनी मान वर केली. "आत्ताच जेवू घालताय का पितरांना?" आवाजसुद्धा तोच. कामावरून काढलं तर जायचं कुठे, ही भीती आहेच. तरी मिठाचा डबा मी आतच ठेवला आणि पानाशेजारी गोळी ठेवली. बडबडत का होईना, त्यांनी ती घेतली.

काकू, तुमचे उपकार दुसऱ्या कशाने फेडायची माझी ऐपत नाही. तो कोपरा मी मोकळा ठेवीन. तुमच्या लेकाचे केस पिकलेले तुम्हाला दाखवीन.