साळवे मास्तरांचं आमेन

पत्रा कापला की कातरण पडतेच. ती कोपऱ्यात लोटायची आणि कामाला लागायचं. भंगारवाला येईपर्यंत तिचा ढीग होतो. आठवणींचंही तेच. त्या वेळी कोण गोळा करतंय? वर्षं गेल्यावर बघावं तर कोपरा भरलेला. माझा कोपरा साकीनाक्याच्या आमच्या गाळ्याचा, ऐंशीनंतरच्या वर्षांतला, आणि त्यातला निम्म्याहून जास्त माल एकाच माणसाचा आहे. साळवे मास्तर, आमचे फोरमन.

आधी गाळा सांगतो, म्हणजे मध्ये मध्ये विचारायला नको. आम्ही स्टोव्हचे पत्र्याचे पार्ट काढायचो. पॉवर प्रेस म्हणजे वरून दणकन खाली येणारं लोखंड. खाली पत्रा ठेवायचा, पायाने पेडल मारायचं, की पार्ट तयार. हात वेळेवर निघाला नाही तर हाताचाही पार्ट तयार! म्हणून प्रेसच्या तोंडाला लोखंडी जाळी लावतात. जाळी असली की हात आत जात नाही, पत्रा चिमट्याने सरकवावा लागतो. त्यामुळे काम हळू होतं आणि शेठ लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ही जाळी लक्षात ठेवा. मास्तरांची नोकरी शेवटी या जाळीतच अडकली.

आम्ही सगळे कोकणातले. वडील गिरणीत, गिरण्या बसल्यावर पोरं मिळेल त्या गाळ्यात. मास्तर एकटे ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, राहायला गोवंडीला. त्यांचा रोजचा नेम ठरलेला होता. सकाळी आल्यावर मेन स्विचशेजारच्या फळ्यावर ते स्वतःच्या मनातली एक ओळ खडूने लिहायचे. मग मान खाली घालून मिनिटभर गप्प. मग "आमेन". आणि मग मेन स्विच. आमेन होईपर्यंत कुणी मशीनला हात लावायचा नाही. आमचा शेठ घाटकोपरचा गुजराती, त्याचं काही म्हणणं नव्हतं. धंद्यात सगळ्या देवांशी ओळख असलेली बरी, असं तो म्हणायचा.

मला पहिल्यापासून नाक खुपसायची सवय. बायको अजून म्हणते, तुम्हाला दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते कळल्याशिवाय स्वतःचा घास उतरत नाही. तर मी लागल्यावर आठवड्याभरातच मास्तरांना विचारलं, की मिनिटभर मनात बोलता काय?

"कालचं सांगतो आणि आजचं मागतो," ते म्हणाले.

आजचं म्हणजे काय, हेही मी विचारलंच.

"हेच की, सकाळी आत आलेली सगळी बोटं संध्याकाळी बाहेर जावीत."

*

आमच्यात तावडे म्हणून एक वल्ली होता. मालवणचा. मुंबईत जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच. फळ्यावरची ओळ सगळ्यात आधी तोच वाचायचा, कारण तिचा स्वतःला काय उपयोग होईल ते त्याला बघायचं असायचं.

एकदा मास्तरांनी लिहिलं, 'उद्याचं ओझं आज डोक्यावर घेऊ नका.'

झालं! दुपारी शेठने सांगून पाठवलं की उद्याच्या ऑर्डरचा पत्रा आजच कापून ठेवा. तावडेने शांतपणे हात धुतले, डबा पिशवीत टाकला आणि फळ्याकडे बोट दाखवलं. आम्ही मास्तरांकडे बघतोय, आता काय बोलतात. पण त्यांनी तावडेला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ होती, 'कालचं टाकलेलं ओझं आज दुप्पट होऊन भेटतं.' खाली कापायच्या पत्र्याची चळत, आणि ती बरोब्बर तावडेच्या प्रेसपाशी.

तावडेने दोनदा वाचलं आणि मान हलवली. "ह्यो देव शेठच्या बाजूचो दिसता."

*

याच तावडेला मटक्याचा नाद. सगळे देव करून झाले होते, बाबा झाले, कुठल्याशा झाडाखालचा नारळही झाला. एक दिवस त्याच्या डोक्यात आलं की मास्तरांचा देव अजून कुणी वापरलाच नाही, ताजा असेल. लगेच मास्तरांना गाठलं.

"मास्तरांनू, तुमच्या देवाक एकच आकडो इचारा. बाकीचा माझा मी बघतंय."

मला वाटलं, आता मास्तर लेक्चर देणार. पण ते बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमेन झालं, स्विच पडला, आणि तावडे हळूच त्यांच्या जवळ सरकला. मीही सरकलो, कसं राहवणार? विचारलंत काय, असं तावडेने कानात विचारलं.

"विचारलं," मास्तर म्हणाले. "तो म्हणाला, शून्य."

खोटं वाटेल, पण तावडेने शून्य लावलं. आलं नाही. त्याची तक्रार घेऊन तो आला, तर मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, अरे, तो आकडा नव्हता रे, तो तुझा हिशोब होता. महिनाभर आम्ही तावडेला शून्य म्हणूनच हाक मारत होतो.

*

उपासाचाही एक घोळ झाला होता. आमच्याकडे एकादशीला डबे उघडले की गाळ्यात लग्नाची पंगत. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळी, वर केळं. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते काय खोटं आहे? त्यांच्या गुड फ्रायडेआधीच्या दिवसांत मास्तरही उपास धरायचे. दुपारी आमच्यात बसायचे, पण डबा नाही. तावडेने आपुलकीने विचारलं, की तुमच्यात उपासाला काय काय चालतं?

मास्तर म्हणाले, पाणी.

तावडे पुढची यादी ऐकायला थांबला. ती आलीच नाही. मग त्याने मास्तरांकडे अशा काही दयेने पाहिलं, जणू त्यांच्या घरात कुणी आजारी असावं.

"म्हणान तुमच्यात माणसा कमी."

मास्तर इतके हसले की त्यांना उठून बाहेर जावं लागलं. रिकाम्या पोटी एवढं हसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

डाय मोडली तो दिवस तर मी विसरणारच नाही. फळ्यावर होतं, 'आज एकाला तरी मनापासून माफ करा.' आणि जेवणाच्या आधीच तावडेकडून नवीकोरी डाय फुटली. डाय म्हणजे प्रेसचा साचा, गाळ्यातली सगळ्यात महाग वस्तू. वाट लागली! तावडे पांढराफटक. शेठ केबिनमधून ओरडत आला. तर या पठ्ठ्याने शेठचा हात धरला आणि सरळ फळ्यासमोर नेऊन उभा केला.

शेठ मराठी वाचायचा, पण सावकाश. एकेक शब्द लावत त्याने ओळ पुरी केली. मग मास्तरांकडे वळला.

"मास्तर, हे सकाळी लिहिला, का डाय तुटल्यावर?"

सकाळी लिहिलं, असं मास्तरांनी सांगितलं. साळवे मास्तर खोटं बोलत नाहीत हे शेठला माहीत होतं. त्याने तावडेला माफ केलं. पण जाता जाता म्हणाला, "मास्तर, असा लिहायचा असेल तेव्हा आधी मला विचारत जा."

*

आता ज्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ती. मास्तरांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मान खाली घालून हात जोडले की ते दिसायचं. उजव्या हाताची दोन बोटं जोडीदार शोधत असल्यासारखी उभी. सगळ्यांना माहीत होतं की बोटं प्रेसमध्ये गेली, आधीच्या नोकरीत. पण मला प्रश्न वेगळाच पडायचा. हा माणूस रोज सकाळी देवाकडे आमची बोटं मागतो. मग त्याची स्वतःची कशी गेली? त्या दिवशी मागायला विसरला होता का? का मागूनही गेली? आणि मागूनही गेली असतील, तर हा अजून कुठल्या तोंडाने मागतो?

हे विचारणं बरं नाही, हे मलाही कळत होतं. तरी एकदा संध्याकाळी ते फळा पुसत असताना मी विचारलंच. फळा ते रोज स्वतःच पुसायचे, आपल्या रुमालाने. कालचा विश्वास आज चालत नाही, रोज नवा लिहावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना राग आला नाही. रुमाल झटकून घडी केली आणि म्हणाले, "त्या दिवशी प्रार्थना केली होती, सावंत. जाळी लावली नव्हती."

*

तर आता जाळीची गोष्ट. शेठला एक मोठी ऑर्डर लागली. एवढी मोठी की ती वेळेत दिली असती तर शेजारचा गाळाही घेता आला असता. शेठने हिशोब केला आणि मास्तरांना बोलावून सांगितलं, की ऑर्डर होईपर्यंत जाळ्या काढा, हाताने पत्रा टाकला की काम पटापट होतं.

मास्तर नाही म्हणाले. शेठने समजावलं, गोड बोलला, मग आवाज चढला. काचेच्या केबिनमधलं सगळं आम्हाला ऐकू येत होतं, प्रेस चालू असूनही. जाळी मी काढणार नाही आणि माझ्या हाताखालच्या माणसाला तशा प्रेसवर बसवणार नाही, हे मास्तरांचं एकच. शेवटी शेठ म्हणाला, मग सोमवारपासून येऊ नका.

तो शनिवार. मास्तरांच्या घरात कमावणारे ते एकटे, मुलगी नर्सिंगला. हे आम्हालाही माहीत होतं आणि शेठलाही. संध्याकाळी मास्तरांनी फळा पुसला, रुमालाची घडी केली आणि निघाले. मी नाक्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो. माझी सवय जाते कुठे? आता काय करणार, असं विचारलं.

"उद्या रविवार, देवळात जाईन. सोमवारी कुठे जायचं ते तो सांगेल." चर्चला ते देऊळच म्हणायचे.

आणि नाही सांगितलं तर, मी म्हटलं.

"तर सोमवारी सकाळी परत विचारेन."

बस आली आणि ते गेले. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. त्यांचा, शेठचा, त्यांच्या देवाचासुद्धा.

सोमवारी आलो तर शेठ आमच्या आधी हजर. रविवारी कुणाकडून तरी जाळ्या काढून घेतल्या होत्या. सगळ्या कातरणीच्या ढिगावर पडलेल्या. फळा कोरा. आम्ही सवयीने मेन स्विचपाशी जमलो. शेठ म्हणाला, चला, चालू करा.

कुणी हललं नाही. आता म्हणाल, काय हिंमत पोरांची! हिंमत कसली डोंबलाची? नोकरी सगळ्यांनाच हवी होती. पण आमेन झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हे अंगात इतकं मुरलेलं, की हातच उचलेना. सगळ्यात आधी तावडेने मान खाली घातली. मग आम्ही सगळ्यांनी. मिनिट झालं, आणखी झालं. सुरुवात कशी करायची ते आम्हाला माहीत होतं, संपवायचं कुणी ते माहीत नव्हतं.

आता काय, शेठने विचारलं.

"शेठ, आमेन खंय झाला?" तावडे म्हणाला.

शेठ म्हणाला, तूच बोल ना मग. तावडे म्हणाला, माझी मालवणी त्या देवाक कळात काय? मग शेठ माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "शेठ, बोलतो. पण मास्तर त्याच्या आधी काय मागतात ते मला ठाऊक आहे. आमची बोटं मागतात. त्या जाळ्या तिथे पडलेल्या असताना ते कसं मागू?"

 शेठ ढिगाकडे बघत होता. मग तो तरातरा पुढे आला, मैं बोलता हूँ म्हणाला, मेन स्विचसमोर उभा राहिला आणि डोळे मिटून हात जोडले. ओठ हलले. पण शब्द काही येईना. आम्ही वाट बघतोय. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, स्वतःच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं, आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

"गोवंडीत कुठे राहतात मास्तर?"

मी सांगितलं. गाडी गेली. आम्ही तिथेच उभे. कुणी बिडीसुद्धा पेटवली नाही.

गाडी परत आली तेव्हा मास्तर पुढच्या सीटवर होते, कालचाच देवळातला पांढरा शर्ट अंगावर. ते सरळ ढिगापाशी गेले आणि पहिली जाळी उचलली. दुसरं टोक शेठने धरलं. आम्ही धावलो, पण शेठने हाताने थांबवलं. एकेक करून सगळ्या जाळ्या त्या दोघांनीच बसवल्या. शेठच्या शर्टाला ग्रीस लागलं.

मग मास्तर मेन स्विचपाशी आले. फळ्यावर काही लिहिलं नाही. हात जोडले, मान खाली घातली. आम्हीही घातली. नेहमीचं मिनिट होऊन गेलं. मास्तर काही बोलेनात. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज फुटत नव्हता.

तेव्हा मागून शेठचा आवाज आला.

"आमेन."

तावडेने मेन स्विच ओढला.