व्हर्लिन हॉगनची पक्कड

व्हर्लिन हॉगनने एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि तेवढ्या काळात तो एकूण चारपाच वाक्यं बोलला असेल. निवृत्त झाल्यावर तीही कमी झाली.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या तळ्यावर, आईबाप सांभाळू शकत नाहीत म्हणून सरकारने परक्या घरी ठेवलेल्या मुलांना मासे धरायला आणतात. जेवण आमच्या चर्चचं, होड्या गावकऱ्यांच्या, गळ आणि काठ्या रॉजर ऑस्बीच्या दुकानातल्या, फुकट. व्हर्लिनचं काम एकच. आदल्या आठवड्यात चर्चच्या तळघरात बसून तो दोनशे गळांच्या टोकाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकायचा.

काटा चेपला की गळ जसा शिरतो तसाच निघतो. मासाही निघतो. एका वर्षी एका मुलीचा हातभर लांब मासा धक्क्यापाशी येऊन निसटला, तोही वर्तमानपत्राचा फोटोवाला कॅमेरा रोखून उभा असताना.

पुढच्या वर्षीच्या तयारीच्या बैठकीत रॉजर म्हणाला, "फोटोत काय आलं? पाणी! मी काय पाणी विकतो? यंदा एक जरी गळ चेपलास ना व्हर्लिन, तर पुढच्या वर्षी तू पक्कड घेऊन घरीच बस."

"बरं," व्हर्लिन म्हणाला, आणि त्याने दोनशेच्या दोनशे चेपले.

का, ते मला ठाऊक होतं. अगदी पहिल्या वर्षी एका मुलाच्या तळहातात गळ रुतला. इस्पितळ चाळीस मैलांवर. बस व्हर्लिनने हाकली, मुलाचा हात मी धरला. पोर रडलं नाही. "आता मला पुन्हा तळ्यावर आणणार नाहीत का?" एवढंच विचारत राहिलं. पुढच्या जूनपर्यंत त्याला दुसऱ्या गावी पाठवलेलं होतं. मी त्याचं नाव प्रार्थनेत घेते. व्हर्लिनने पक्कड घेतली.

तर त्या वर्षी मारिसोल नावाची नऊ वर्षांची मुलगी धक्क्यावर होती. फोटोवाला समोर असल्यामुळे रॉजर तिच्या मागे उभा राहून शिकवत होता. तिने काठी मागे नेली आणि जोरात झटका दिला. पाण्यात काहीच पडलं नाही. गळ रॉजरच्या कानाच्या पाळीत होता, गांडुळासकट.

मारिसोलने काठी खाली ठेवली आणि कुणी काही म्हणायच्या आत अंगातलं लाईफ जॅकेट सोडायला लागली.

व्हर्लिनने दोन बोटांनी गळ काढला. रक्ताचा एक थेंब आला. मग तो मुलीकडे वळला. "घाल ते परत. गांडुळं अजून डबाभर आहेत."

रॉजर कान धरून तिच्याकडे बघत राहिला. "ऐक गं त्याचं," तो शेवटी म्हणाला. "मला दुसरा कान आहे."

फोटो पहिल्या पानावर आला. मासा त्यातही नव्हता.

पुढच्या जूनमध्ये दुकानातून गळ आले ते चेपूनच. रॉजरने रोज जेवणानंतर बसून स्वतः चेपले, असं त्याची बायको म्हणाली. व्हर्लिनने एकेक गळ खिडकीशी धरून पाहिला, खिशातून पक्कड काढली आणि सगळे पुन्हा चेपले.