ऑपरेटरचा खोकला

चांद्याच्या आमच्या जंगल ऑफिसात खाजगी फोनला तीनच मिनिटं मिळत. टेलिफोन ऑपरेटर वेळेचा पक्का, पण बोलणं मध्येच तोडणं त्याला जमायचं नाही. वेळ भरली की तो लाइनवर हलकेच खोकायचा. साहेबांच्या बाईसाहेबही त्या खोकल्यासरशी फोन ठेवत.

बायको बाळंतपणाला माहेरी, अहेरीला होती. महिन्याची लेक मी अजून पाहिली नव्हती. एकदा तिथल्या रेंज ऑफिसातून बायकोनं फोन लावला आणि रिसीव्हर लेकीच्या तोंडाशी धरला.

"रडूनच नाई राह्यली," ती म्हणाली.

आम्ही वाट पाहत राहिलो. तीन मिनिटं केव्हाच सरली असतील, पण खोकला काही आला नाही.

शेवटी लेक रडली. मी जिवाचा कान करून ऐकलं. मग ऑपरेटर हळूच म्हणाला, "भाऊ, आता खोकू काय?"