उभ्या गाडीचा काटा

माझ्या कॉम्प्युटरवर माझ्यापेक्षा बाबांचाच जीव जास्त. एकेक पार्ट मागवून तो मी शहापूरच्या आमच्या घरी स्वतः जोडला होता, त्यामुळे गेम खेळता खेळता तो बंद पडायला लागला तेव्हा माझं नाक चांगलंच कापलं गेलं.

बाबा एसटीचे ड्रायव्हर. मुरबाडवरून माळशेजच्या रस्त्यावरच त्यांची सगळी नोकरी झाली. शेवटच्या ड्युटीला घाटात दरड आली आणि पायथ्याच्या टोकावड्यावरून त्यांना गाडी माघारी आणावी लागली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण निवृत्तीचा नारळसुद्धा त्यांनी बरेच दिवस फोडला नव्हता. म्हणून बस चालवायचा एक गेम मी शोधला. कुणीतरी हौसेने त्यात आपल्याकडच्यासारखा घाट बनवला होता. स्टिअरिंग जोडून दिलं आणि बाबा खुर्चीत असे ताठ बसले की मला हसू आवरेना.

फक्त बेल मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही म्हणाले. मग मी शेजारी बसून स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायचे. नोकरी करून आल्यावर ही दुसरी नोकरी, तीही कंडक्टरची.

दिवाळीच्या सुमारास बिघाड सुरू झाला. सपाटीला गाडी झकास चालायची. चढण अर्ध्यावर आली की चित्र गोठायचं आणि कॉम्प्युटर आपोआप बंद. मी गेम काढून पुन्हा टाकला, रॅम पुसून बसवली, मैत्रिणीकडून दुसरी आणूनसुद्धा पाहिली. काही उपयोग नाही. चार-पाच वेळा असं झाल्यावर बाबा स्टिअरिंगवरून उठले.

"माझंच काय तरी चुकतंय. घाट आपल्या नशिबात नाय," म्हणाले आणि पेला-चमचा स्वयंपाकघरात ठेवून आले.

मला फार वाईट वाटलं. आठवडाभर ते त्या खोलीत फिरकले नाहीत. मी मात्र हट्टाला पेटले होते. रविवारी सकाळी पुन्हा सगळ्या सेटिंग्ज उघडून बसले, तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहिले आणि इंजिन तापत असेल असं पुटपुटले. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की तापमान मी रोज बघते, एकदम थंड आहे.

"कधी बघतेस?"

"चालू केल्या केल्या."

"उभ्या गाडीचा काटा काय बघतेस गो? चढावर बघ."

मी तापमानाचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावला आणि स्वतःच गाडी घाटात घातली. आकडा भराभर चढला आणि कॉम्प्युटर बंद. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मी शिकवत होते!

कॅबिनेट भिंतीपासून ओढलं तर मागच्या पंख्याच्या जाळीला दोऱ्याने बांधलेली भाताच्या लोंब्यांची जुडी. त्यातली एक लोंबी आत घुसून पात्याला अडकलेली, पंखा जागच्या जागी. दसऱ्याला बाबा दरवर्षी गावच्या शेतातल्या नव्या लोंब्या आणून गाडीला बांधायचे. यंदा गाडी नव्हती.

ते बघून बाबांचं तोंड इतकंसं झालं. मी लोंबी काढली, पंखा फुंकून साफ केला आणि ती जुडी स्टिअरिंगच्या मधोमध नीट बांधली. मग स्वयंपाकघरातून पेला आणला.

दोन बेल दिल्या. बाबांनी चढण चढवली, वळणावर हॉर्न द्यायला विसरले नाहीत, आणि वरच्या स्टँडवर गाडी अलगद लावली. रुमालाने हात पुसत बसले थोडा वेळ.

"आज रिटायर झालो गो," म्हणाले.

मी डोळे पुसले आणि दोघांसाठी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर पेला आणि चमचा टेबलावर मांडून बाबा स्टिअरिंगवर बसले होते, आणि कंडक्टरला उशीर झाला म्हणून रागावले होते.