यादीतला पाळणा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगताना मध्येच विषय बदलायला लागलो तर थांबवा मला — ती माझी जुनी खोड आहे.

कथेत यादी कशी वापरावी, हे मी लातुरात वर्षानुवर्षं शिकवलं. कोचिंग क्लासमध्ये मराठीच्या तासाला जागं कोण असतं? सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असतं. पण मी माझी स्वतःची कथा वाचायला घेतली की पोरं माना वर करायची. मग मी खडू हातात घेऊन थाटात सांगायचो — रडू नका, नुसत्या वस्तू मांडा. यादीवर वाचक शंका घेत नाही. आणि सगळ्यात जड वस्तू शेवटी ठेवा.

खरं तर त्या कथेतली यादी माझी नव्हतीच. माझ्या मावशीची होती. भूकंपात तिचं मातीच्या छताचं, माळवदाचं घर बसलं, काका त्यातच गेले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये ती मला घरातल्या वस्तू सांगत बसायची, दारातून आत शिरल्यासारखी — खुंटीवरचा काकांचा पटका, रांजण, जातं, उतरंड, तांब्याचं घंगाळ. मी ते जसंच्या तसं उतरवलं आणि कथा म्हणून छापलं. शेवटी फक्त एक वस्तू माझ्या मनानं घातली. पाळणा.

मावशीला मूल नव्हतं. त्यावरून तिनं आयुष्यभर काय काय ऐकून घेतलं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. तरी घातला — घंगाळावर कथा संपत नव्हती म्हणून.

नंतर मावशी आमच्याकडेच राहायला आली, क्लासच्या मुलींसाठी मेस चालवू लागली. ही माझ्या मावशीचीच गोष्ट, असं सांगून मी वर्गात भाव खायचो. एक दिवस मुखेडच्या एका मुलीनं जेवताना तिला हळूच विचारलं, गोष्टीत शेवटी पाळणा आहे ना, तुमचं बाळ केवढं होतं?

भांडी आवरून मावशी माझ्याकडे आली. रागावली नव्हती — तेच जास्त लागलं.

"माज्या घरात पाळणा नव्हता रे," ती म्हणाली. "आसता तर आधी त्योच सांगितला आसता."

मी म्हणालो, संपादकांनी घातलाय. किती पटकन सुचलं! तिनं त्या न पाहिलेल्या माणसाला दोन शिव्या हासडल्या आणि तेवढा काढ म्हणाली. मी हो म्हणालो.

कथेच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा छपाईआधीची पानं माझ्याच हातात होती. मी पाळणा खोडला. कथा वाचली. सपक लागली. मग मी तो परत लिहिला — कुणी जबरदस्ती केली होती? कुणीच नाही.

पुस्तक आलं. मावशीनं हात पदराला पुसून ते घेतलं. काढला का, एवढंच विचारलं. काढला, मी म्हणालो. मला लाज वाटली का? वाटली. पण सुटल्यासारखंही वाटलं.

त्या दुपारी तिनं ते पुस्तक पंगतीत मुलींपुढे ठेवलं. "छापणाऱ्यानं उगंच पाळणा घातला व्हता. माज्या भाच्यानं काढून टाकला. बगा, हाय का कुठं?"

मुलींनी ते पान उघडलं. वाचलं. एकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मावशीला म्हणाली, "न्हाई मावशी. न्हाई कुठं."

मावशीला वाचता येत नव्हतं. ती भाकरी वाढत होती. मी जेवलो.