दाराबाहेरचा लार्सन

लार्सन माझ्या घरात कधीच आला नाही. कॅनडातल्या कॅल्गरीच्या एका अख्ख्या हिवाळ्यात दर गुरुवारी तो माझ्या स्वयंपाकघराच्या बाजूच्या दाराशी यायचा आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून देवाबद्दल बोलायचा. उणे पंचवीस असो, उणे तीस असो. मी आत, तो बाहेर, मध्ये सताड उघडं दार. घर तापवणाऱ्या भट्टीची सगळी ऊब रस्त्यावर चाललेली असायची. मी म्हणायची, "अरे, आत तरी ये, मी काय अख्खं कॅल्गरी तापवत बसू?" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "मी उभाच बरा आहे, मॅम."

कारण त्यांचा नियम. तो मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक होता. एकोणीस वर्षांचं पोर, कोटावर काळी नावाची पट्टी, आणि त्यावर नावाआधी लिहिलेलं 'एल्डर', म्हणजे आमच्या भाषेत वडीलधारा! मिशी फुटली नव्हती अजून. दोन वर्षं घर सोडून परक्या देशात दारोदार फिरायचं, कायम जोडीनं, जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि घरात बाई एकटी असेल तर पाऊल आत टाकायचं नाही. वसंत, माझा नवरा, तेलकंपनीतून सहाशिवाय घरी यायचा नाही. गुरुवारी माझी लायब्ररीतली सुट्टी. म्हणजे एकटी बाई मीच. लार्सनच्या मागे त्याचा जोडीदार रीड पाय आपटत उभा असायचा. तो फारसं बोलत नसे.

पहिल्याच दिवशी मी चहा विचारला, तर नको. कॉफी? तीही नको, आमच्यात चालत नाही. मला राग आला. आमच्याकडे चहा नाकारणारा माणूस भांडायला आलाय असंच समजतात. मी त्याला सांगून टाकलं की तुझा देव मला नको आणि तुझं पुस्तकही नको. तो म्हणाला, ठीक आहे, मग पुढच्या गुरुवारी येतो. आणि आला की! मी भांडायची, तो ऐकायचा, मग शांतपणे तेच पुन्हा सांगायचा. मला असा माणूस फार दिवसांत भेटला नव्हता. खरं सांगायचं तर मी गुरुवारची वाट बघायला लागले होते. आलं-लिंबू-साखर घातलेलं गरम पाणी मात्र तो प्यायचा, तेही बाहेरच, दोन्ही हातमोज्यांत पेला धरून. आणि जाताना न विचारता आमच्या गॅरेजसमोरच्या ड्राइव्ह-वेवरचं बर्फ फावड्यानं काढून जायचा.

आमच्या रस्त्यावर पुष्कळ लोक त्याच्या तोंडावर दार आपटायचे. एकदा मी विचारलं, वाईट नाही वाटत? तो म्हणाला, "आपटलं तर निदान घरात कुणी आहे हे कळतं, मॅम. रिकाम्या घराचं काय करायचं?"

जानेवारीतल्या एका गुरुवारी तो काहीच बोलला नाही. थेट फावडं उचललं आणि साफ केलेलाच ड्राइव्ह-वे पुन्हा साफ करायला लागला. मी रीडला खूण करून बोलावलं. त्यानं सांगितलं ते असं. लार्सनचं घर अमेरिकेतल्या आयडाहोत, गाईंचा गोठा आणि बटाट्याची शेती. आई त्यांच्या पंथातली, बाप मात्र पंथाबाहेरचा. बापाला हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. ऐन कामाच्या दिवसांत एकुलता मुलगा दोन वर्षं दारं वाजवत फिरणार? त्यानं सांगितलं होतं, गेलास तर या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. लार्सन त्याच आठवड्यात निघाला. आता आईचं पत्र आलं होतं. बापाला कॅन्सर, डॉक्टरांनी हात टेकलेले, फार तर वसंत ऋतूपर्यंत.

मी पायात बूट न घालताच बाहेर गेले. म्हटलं, फोन कर त्याला. तो म्हणाला, घरी फोन सणासुदीलाच करायचा असतो. मी म्हटलं, परवानगी माग. तर म्हणे परवानगी मिळेल, तो प्रश्न नाही. "त्यांनीच मला हाकललंय. त्यांनी बोलावल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

आता माझं डोकं सणकलं. ते का, हेही सांगते. वसंत आमच्या जातीचा नाही. मी त्याच्याशी लग्न केलं तेव्हा बापू, माझे वडील, मिरजेच्या घराच्या पायरीवर उभे राहून म्हणाले होते, "तू मला मेलीस." मीही तशीच, मागे वळून बघितलं नाही. कॅनडाला आले, त्यांना एक ओळ लिहिली नाही. म्हटलं, आधी त्यांनी लिहावं. त्यांनी लिहिलं नाही. भावाचं पत्र आलं ते बापूंचा तेरावा उरकल्यावर. मी ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कामावर गेले. आंघोळ केली नाही, सुतक पाळलं नाही. मला मेलेली ठरवलीत ना? मग मेलेल्याला कसलं आलंय सुतक! चार वर्षं मी हे मोठ्या ताठ्यानं सांगत होते. त्या दिवशी लार्सनला सांगताना मात्र तो ताठा टिकला नाही.

त्यानं फावडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, "नंबर फिरवाल?"

पण आत येईना! बाप मरायला टेकलाय आणि ह्याचा नियम शाबूत. आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर. मला पोळ्या लाटता लाटता बोलता यावं म्हणून वसंतनं लांबलचक वायर लावून दिली होती. ती पार ताणली, रिसीव्हर दाराबाहेर त्याच्या हातात दिला आणि मी आत भिंतीपाशी तो सांगेल तसा नंबर फिरवला. पलीकडे कुणीतरी उचलला. लार्सन एवढंच म्हणाला, "डॅड, मी." आणि गप्प झाला.

"काय झालं?"

"ठेवला त्यांनी. पुन्हा लावा."

पुन्हा लावला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तेच. मी म्हटलं, आता पुरे, जरा वेळानं बघू. त्याच्या पापण्यांवर हिमाचे कण जमले होते. तो म्हणाला, "तेच उचलतायत, मॅम. त्यांना आईला उचलू देता आलं असतं."

चौथ्यांदा बापानं ठेवला नाही. बोललाही नाही. लार्सननं सांगितलं की मी काम सोडून येणार नाही. माफीही मागणार नाही. पण दर गुरुवारी फोन करणार, तुम्ही कितीदाही ठेवलात तरी. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि त्यानं रिसीव्हर माझ्याकडे दिला. एक खरखरीत, दमलेला आवाज मला विचारत होता, तो नीट जेवतो का? मी म्हटलं, जेवत असेल, पण माझा चहा काही पीत नाही. बाप म्हणाला, "त्याला सांगा, मी अजून रागावलेला आहे."

"तुमचं तुम्ही सांगा," मी म्हटलं आणि रिसीव्हर परत बाहेर दिला.

त्याच संध्याकाळी लार्सननं आपल्या वरिष्ठांना स्वतःच सगळं कळवलं, आणि त्यांनी हरकत घेतली नाही. मग मार्चपर्यंत दर गुरुवारी मी नंबर फिरवला. बोलणं काय, तर गाई, बर्फ, ट्रॅक्टर, आणि भांडण. भांडण तर भरपूर. एकदा बाप म्हणाल्याचं त्यानं मला सांगितलं, "मी गेलो तर धावत येऊ नकोस. तुझं हे काम मला पटत नाही. पण अर्धवट सोडलेलं काम त्याहून पटत नाही."

मार्चच्या शेवटी बाप गेला. वरिष्ठ म्हणाले, जायचं तर जा. लार्सन गेला नाही. आमच्या मराठी मंडळीत मी हे सांगितलं तर एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय बाई दगडाचं काळीज, बापाच्या मातीलाही गेला नाही! मी तिथल्या तिथे त्यांना ऐकवलं की तुम्ही तरी तुमच्या आईच्या वेळी विमानतळावर उतरलात तेव्हा काय उरलं होतं, सांगा. त्या माझ्याशी दोन वर्षं बोलल्या नाहीत. नाही तर नाही.

अंत्यविधीच्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. तो आमच्या रस्त्यावर नेहमीसारखा दारं वाजवत चालला होता. एकीनं दार आपटलं. तो टोपी सारखी करून पुढच्या दाराशी गेला. मी वळले आणि डाळीचं पीठ कालवायला घेतलं. आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो. लार्सनला इथे दुसरं शेजारी कोण होतं?

ते दोघं जवळच एका घराच्या बेसमेंटमध्ये, तळघरात, भाड्यानं राहायचे; दोन पातेली घेऊन मी तिथल्या दाराशी गेले. ह्या वेळी बाहेर मी उभी. त्याला सांगितलं की आज तू रांधायचं नसतं, हे घे. त्यानं पातेल्यांकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचे वडील गेले तेव्हा कुणी आणलं होतं?"

मी म्हटलं, कोण आणणार? मी तेव्हा कुणाला सांगितलंच नव्हतं.

तो आत गेला आणि तीन ताटल्या घेऊन बाहेर आला. आम्ही तिघं बेसमेंटच्या गार पायऱ्यांवर बसलो. रीडनं मान खाली घातली आणि खायला लागला. लार्सननं पहिला घास घेतला आणि मग तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा, तोंडात घास तसाच. मी त्याला उगी म्हटलं नाही. मीही रडत होते, चार वर्षं उशिरा. बापूंवरचा राग काही गेला नव्हता, त्याचाही बापावरचा गेला नसावा. तशाच रागात आम्ही दोन्ही पातेली संपवली.