काळभैरवाचा फोटो आणि दोनशे छप्पन्न रंग

आमच्या साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये अजून एक जुनं युनिक्स वर्कस्टेशन चालतं. माझ्याआधीचे दोन इंजिनियर त्याच्यापुढं हात टेकून गेले. त्याचा पडदा एका वेळी दोनशे छप्पन्नच रंग दाखवतो आणि ते सगळ्या प्रोग्रॅमनी वाटून घ्यायचे असतात. आधी उघडेल त्याची चांदी, मागून येणाऱ्याला उरलंसुरलं.

या पडद्यासमोर मामा बसायचे. माझे सख्खे मामा नव्हेत, बॉयलरवरचे सगळ्यात जुने अटेंडंट. अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. गेला हंगाम त्यांचा शेवटचा. तो बिनडाग पार पाडून घरी जायचं, एवढी एकच इच्छा ते चहा पिताना बोलून दाखवत. आकडे त्यांना चष्म्यातूनही धड दिसत नसत, ते रंग बघत. बॉयलरमध्ये पाणी पुरेसं असलं की पडद्यावरची पट्टी हिरवी, कमी झालं की लाल. धोक्याचा भोंगा तर कधीचाच बंद पडला होता.

हंगामाच्या सुरुवातीला बॉयलरची पूजा झाली, नारळ फुटला आणि एका संचालकांना सुचलं, पडद्यावर सोनारीच्या काळभैरवाचा फोटो लावावा. मी म्हणालो, "रंग पुरायचे नाहीत."

ते हसले. "देवाला रंग कमी पडत्यात व्हय, सायेब?"

फोटो लागला. मशीन सुरू झालं की तोच सगळ्यात आधी उघडायचा आणि शेंदराच्या नाना छटांनी सगळे रंग गिळून बसायचा. पाण्याच्या पट्टीला लाल मिळेना. मी फोटोचे रंग कमी केले तर देवाच्या गालावर डाग पडले आणि संचालक माझ्यावर खेकसले. मग मी पट्टीला तिचे स्वतंत्र रंग दिले. त्यात मेख अशी, की माऊसचा बाण पट्टीवर असला तरच तिचे रंग खरे, आणि तेवढा वेळ बाकीचा पडदा भलत्याच रंगात. बाण बाजूला गेला की फोटो ठीक आणि पट्टी कायम मातकट, पाणी असो वा नसो. मामांना मी बजावलं, बाण पट्टीवरून हलवायचा नाही.

मामांनी बाण पट्टीवर नेला आणि काळभैरवाचं तोंड हिरवंगार झालं. त्यांनी माऊस सोडला, चपला काढल्या, कान धरले.

"मामा, हा नुसता मशीनचा खेळ आहे."

"आसंल सायेब. पर देवाचं तोंड म्या कसं नासवू?"

मी बाण पट्टीवर ठेवायचो. माझी पाठ फिरली की ते नमस्कार करून तो बाजूला सारायचे. वैतागून संचालकांकडं गेलो, तर म्हणाले, चालू हंगामात देव उतरवायचा नाही. माझं डोकं फिरलं, पण तिथं माझ्या डोक्याला विचारतो कोण?

एका भर दुपारी पाणी उतरलं. पट्टी मातकटच होती. बॉयलरच्या नळ्या जळाल्या, गाळप थांबलं, उसाच्या गाड्या फाटकाबाहेर वाळत उभ्या राहिल्या. माणूस कुणी भाजला नाही, हेच नशीब. चौकशीत मी फळ्यावर रंगांची वाटणी काढून दाखवली. जांभई देत एकानं विचारलं, "म्हणजे चूक अटेंडंटचीच ना?" मामांना हंगाम संपायच्या आत घरी बसवलं. फोटो तसाच राहिला.

चैत्रात मी त्यांच्या घरी गेलो. घरचे सगळे सोनारीच्या यात्रेला गेले होते, मामा एकटेच ओसरीवर बसलेले. त्यांनीच चहा केला. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, दोष तुमचा नाही, फोटो लावणाऱ्यांचा आहे, हेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमी चांगल्या मनानं सांगता, सायेब. पर पयल्या दिशी बाण पट्टीवर म्याच न्हेला व्हता. माज्याच हातानं देवाचं तोंड हिरवं झालं. त्यानं मला काढलं, तवा कारखान्यानं काढलं. आता त्याच्या दारात जायची माजी लायकी न्हाय."